आप्पा फोटोत हसत नाहीत! पोर्ट्रेटसाठी सहज बसायचं कसं?

बोरीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, जरा मदत पाहिजे.

येत्या दिवाळीत आई-आप्पांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत. पुण्याचा भाऊ, सुरतेची बहीण आणि आम्ही, सगळं खटलं अमळनेरला जमणार. हॉल, डीजे वगैरे आप्पांनी साफ नाकारलंय. मग त्या पैशात एक फोटोग्राफर अर्ध्या दिवसासाठी ठरवलाय. दोघांचे एकत्र, एकेकट्याचे आणि मग सगळ्यांचे नीट पोर्ट्रेट काढायचे, असा बेत आहे.

अडचण अशी, की आमच्या घरात फोटोचं कोणालाच जमत नाही. आप्पा एसटीत कंडक्टर होते. अख्खी गाडी हसवत न्यायचे. पण कॅमेरा दिसला की दोन्ही हात मांडीला चिकटवून सावधान! ‘आप्पा, हसा की’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘मी काय आते नवरदेव शे का?’ आईचं वेगळंच. क्लिक होताना तिचा हात पदरावर आणि नजर खाली. बायको प्रत्येक फोटोत एकाच बाजूने उभी राहते. मला हातांचं काय करावं तेच कळत नाही, शेवटी खिशात जातात.

यूट्यूबवर पोझचे व्हिडिओ पाहिले. त्यातली पोरं-पोरी वीस-बाविशीची, भिंतीला टेकून एक पाय वर. हे आप्पांना सांगितलं तर मलाच घराबाहेर काढतील. साध्या माणसांनी साध्या घरात कसं उभं राहावं, बसावं, ते कोणी सांगेल का?

खिडकीसीट

आप्पा, भिंत आणि एक पाय वर... चित्र डोळ्यांसमोर आलं आणि ऑफिसात एकटाच हसलो. माहिती शून्य, पण वाचतोय.

जुना_स्टुडिओ

जळगावात आमचा स्टुडिओ वडिलांपासून आहे. पडदा, स्टूल, दोन लाइट आणि ‘मान थोडी डावीकडे, हां, बस्स’ अशा पद्धतीने मी काम शिकलो. आता ते कोणाला नको असतं, सगळ्यांना कँडिड हवं, म्हणजे नकळत टिपल्यासारखं. गंमत म्हणजे कँडिडसाठी आलेला माणूसही समोर उभा राहिला की विचारतो, ‘आता काय करू?’ तर सांगतो.

कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभं राहायचं नाही. भार मागच्या पायावर टाका, पुढचा गुडघा सैल सोडा. खांदे कॅमेऱ्याला थोडे तिरके, चेहरा कॅमेऱ्याकडे. एका पायावर भार गेला की कंबर, खांदा, मान आपसूक वेगवेगळ्या पातळीवर येतात आणि ताठपणा निम्मा जातो. दंड अंगाला दाबून धरले की रुंद दिसतात. कोपर आणि कंबर यांच्यात थोडी फट ठेवा, बारीक दिसायला इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

हनुवटीचं जरा सविस्तर सांगतो. फोटो म्हटला की माणूस मान मागे खेचतो. मग गळ्याखाली वळी पडते, काडीपैलवानालाही डबल चिन येते. मान वर करा म्हटलं तर नाकपुड्या दिसायला लागतात. करायचं असं: पाठ सरळ, मग कपाळ इंच-दीड इंच कॅमेऱ्याकडे पुढे आणि हनुवटी किंचित खाली. समोरून बघणाऱ्याला मान पुढे आलेली कळत नाही, फक्त जबड्याची कड स्वच्छ दिसते. करणाऱ्याला मात्र फार विचित्र वाटतं, आणि बाजूला उभे असलेले नातेवाईक हसतात, म्हणून त्यांना आधी चहाला पाठवा. न्यूयॉर्कचे पीटर हर्ली हे हेडशॉटवाले, म्हणजे फक्त चेहरा-खांद्यांचे फोटो काढणारे फोटोग्राफर या एका जबड्यावर पूर्ण व्याख्यान देतात. डोळ्यांचीही त्यांची एक युक्ती आहे. बावरलेला माणूस डोळे मोठे करतो, म्हणून खालची पापणी किंचित वर उचलायची. खालचीच, वरची नाही. वरची आली तर झोप आल्याचा फोटो निघेल.

आप्पांना चष्मा असेल तर काढायला लावू नका. रोज चष्मा लावणारा माणूस त्याशिवाय उघडा पडतो. काड्या कानावरून थोड्या वर उचला, काचा खाली झुकतात आणि चमक जाते.

आणि त्यांना उभं करूच नका, बसवा. खुर्चीत मागे रेलून नाही, पुढच्या अर्ध्या भागावर. पाठ आपोआप सरळ राहते आणि हात मांडीवर कुठेतरी जातातच.

सायली_पांझरा

धुळ्याला हौशी नाटकं करते, त्या अनुभवावरून लिहिते. जुना_स्टुडिओ, तुमचं सगळं बरोबर आहे. पण खांदा, गुडघा, कपाळ, खालची पापणी एवढ्या सूचना एका दमात दिल्या तर माणूस त्या पाळण्यातच अडकतो आणि चेहऱ्यावर परीक्षेचा पेपर उमटतो. स्टेजवरही नवीन पोरांचा पहिला प्रश्न असतो, हातांचं काय करू. आम्ही पोझ सांगत नाही, काम देतो. दिवा पूस, पिशवीतून भाजी काढ. काम मिळालं की हात विसरतात.

बोरीकाठ, तुम्ही आईंचा पदर सुटत नाही म्हणता. सोडवताय कशाला? पदर सावरणं हेच त्यांचं आहे. फोटोग्राफरला सांगा, त्या पदर सावरतील आणि मग वर बघतील, ते वर बघणं टिपायचं. त्यांच्या हाताला निवडायला मेथी द्या, वाती वळायला कापूस द्या. दिवाळीच आहे, वाती खऱ्याच लागणार आहेत.

अजून एक. क्लिकच्या आधी सगळे श्वास रोखतात. खांदे कानाकडे चढतात ते त्यामुळे. डोळे मिटून तोंडाने हळू श्वास सोडायला सांगा आणि डोळे उघडताक्षणी फोटो घ्या. त्या एका क्षणात चेहऱ्यावर काही ओढूनताणून आणलेलं नसतं.

जुना_स्टुडिओ

सायलीताई, मान्य. मी एका वेळी एकच सूचना देतो, इथे लिहिताना सगळ्या एकत्र आल्या. पण नुसतं काम देऊन भागत नाही. मेथी निवडणारी बाई खाली वाकून बसली तर फोटोत फक्त भांग येतो. आधी बैठक ठरवायची, मग काम द्यायचं.

मु_पो_हिंजवडी

मूळ पाचोऱ्याचा. माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. आरशात मी बरा दिसतो आणि फोटोत चेहरा वाकडा. पोझ काहीही द्या, फोटो बघितला की मूड जातो. बाकीचे म्हणतात चांगला आलाय. खोटं बोलतात का?

रेघोट्या

खोटं बोलत नाहीत. चाळीसगावला चित्रकला शिकवतो, त्यामुळे चेहऱ्यांशी रोजचा संबंध. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. तुम्ही जन्मभर आरशातला, म्हणजे उलटा चेहरा पाहिलात आणि डोळ्याला त्याची सवय झाली. फोटोत तो सुलटा येतो, तोच तुम्हाला परका वाटतो. १९७७ साली अमेरिकेत मीता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी हेच तपासलं होतं. मुलींना स्वतःचा साधा फोटो आणि आरशासारखा उलटवलेला फोटो असे दोन्ही दाखवले. त्यांना स्वतःला उलटवलेला जास्त आवडला, त्यांच्या जवळच्या माणसांना साधा. तेव्हा स्वतःचा फोटो निवडायचं काम बायकोला किंवा मित्राला द्या.

आप्पांच्या ताठपणाबद्दलही बोलतो. १८३९ मध्ये डगेरोटाइप, म्हणजे फोटो काढायची सुरुवातीची पद्धत आली तेव्हा एका फोटोला मिनिटं लागायची. मान हलू नये म्हणून स्टुडिओत डोक्यामागे लोखंडी आधार लावत. तेवढा वेळ हसू टिकवणं कोणाच्याही गालांना जमणारं नव्हतं, म्हणून गंभीर चेहरा. पुढे कॅमेरे सेकंदाच्या अंशावर आले, पण फोटो म्हणजे हलायचं नाही ही शिस्त स्टुडिओत तशीच राहिली. आमच्या आजोबांना सांगितलेलं ‘हलू नका’ आप्पांपर्यंत आलं असणार.

हसण्याचं शरीरशास्त्रही सांगून टाकतो. ड्युशेन नावाचे फ्रेंच डॉक्टर होते, त्यांनी १८६२ मध्ये यावर लिहिलंय. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या हुकमतीत असतो. डोळ्याभोवतीचा स्नायू, ज्याने गाल वर चढतात आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात, तो हुकमावर क्वचितच हलतो. म्हणून ‘स्माईल प्लीज’ म्हटल्यावर ओठ हसतात आणि डोळे नुसते बघत राहतात.

अवांतर: चाळीसगावचा उल्लेख आला आणि केकी मूस यांचं नाव घेतलं नाही तर गाव माफ करणार नाही. रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात या माणसाने कित्येक दशकं जवळपास स्वतःला कोंडून घेऊन काम केलं. टेबलटॉप फोटोग्राफीत, म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून अख्खं दृश्य उभं करण्यात त्यांचं नाव जगभर झालं. १९८९ मध्ये ते गेले. बंगल्यात आता कलादालन आहे, मुलांना नेतो तिथे. ते बघताना कायम वाटतं, टेबलावरची वस्तू ठेवली तिथे राहते, तिला कंटाळा येत नाही, ती लाजत नाही. माणसाच्या फोटोत नेमकी तीच सोय नसते. माणसाला वस्तूइतकं स्थिर करायला गेलं की तो मेणाचा होतो.

उन्हाळी_भुसावळ

पोझबिझ नंतर, आधी उजेडाचं बघा. माझं लग्न मे महिन्यातलं, पारा ४४ च्या वर. आमच्या फोटोग्राफरने (नाव नको) भर दुपारी मंडपाबाहेर उभं केलं. प्रत्येक फोटोत मी सासऱ्यांवर चिडलेला दिसतो. चिडलो नव्हतो हो, ऊन होतं. दिवाळीत ऊन जरा बरं असतं, पण सकाळी नऊनंतर अंगणात नकोच. त्यापेक्षा सगळ्यांना केळीच्या बागेत न्या. रावेर-सावद्याकडे आमच्या नातेवाइकांची आहे, मस्त सावली, हिरवंगार, प्री-वेडिंगवाले रांगा लावतात.

जुना_स्टुडिओ

बाग नजरेला छान, पण तिथे दोन त्रास. पानांतून गाळून आणि पानांवरून उसळून येणारा उजेड हिरवा असतो. तो गालांवर, गळ्याखाली बसतो आणि माणूस काविळीतून उठल्यागत दिसतो. एडिटिंगमध्ये किरमिजी छटा वाढवून बरंच सुधारता येतं, पण मग पांढरी साडी गुलाबी होते. दुसरा त्रास चिकाचा. पान किंवा घड दुखावला की चीक गळतो, त्याचा डाग कपड्यातून जन्मात जात नाही. आईंची ठेवणीतली पैठणी घालून तिथे जाऊ नये. ठिबकचा चिखल वेगळाच. बागेत काढायचेच तर बागेच्या कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून, माणूस पहिल्या ओळीपासून चार-पाच फूट पुढे.

अमळनेरला जुनं धाब्याचं घर असेल तर बाहेर जायची गरजच नाही. ओट्यावर, दाराच्या अगदी तोंडाशी पण सावलीत बसवा, तोंड उजेडाकडे. मागे घराचा अंधार, समोर आकाशाचा मऊ उजेड, डोळ्यांत पांढरा ठिपका. त्या ठिपक्यानेच डोळे जिवंत दिसतात. एका बाजूला सावली जास्त पडली तर त्या बाजूला कोणाला तरी पांढरं धोतर धरून उभं करा. हजारांचा रिफ्लेक्टर हेच काम करतो.

कपडे साधे, एकरंगी. बारीक चौकड्यांचा शर्ट नको, फोटोत त्यावर लाटा उठतात.

भरीतवाला

एवढा खटाटोप कशाला? हल्ली फोन आहेत. हात लांब करा, सेल्फी काढा, उरलेल्या पैशात शेतात भरीत पार्टी. कळण्याची भाकरी हातात दिली की आप्पा हसतील.

रेघोट्या

भरीताला विरोध नाही. सेल्फीला आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित करून दाखवलं, की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. दोष नाकाचा नसतो, अंतराचा असतो. फोनवरच काढायचा तर दुसऱ्याच्या हातात द्या, सहा-सात फूट मागे उभं करा आणि २एक्स किंवा ३एक्सवर काढा.

भरीतवाला

३० टक्के! आणि मी आजवर बापाच्या नाकाला दोष देत होतो.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार, बायकोला धागा वाचून दाखवतोय. हातांचं थोडं कळलं. वाती वळायची कल्पना आईला सांगितली, ती म्हणाली ‘घरातलं काम काय फोटोत दाखवायचं?’ तरी पटवतो. आप्पांना कंडक्टरची पेटी द्यावी म्हटलं, तर ती डेपोत जमा झालेली. बिल्ला मात्र त्यांनी जपून ठेवलाय. पण मुख्य प्रश्न तसाच आहे. त्यांना हसवायचं कसं?

आक्का_नंदुरबार

भाऊ, तुमना आप्पा बरोबर शेतस. त्यांना हसवायचं कशाला?

आमच्या पिढीत फोटो हे काम होतं. लग्नाचा एक, नोकरीच्या अर्जाचा एक, नंतर मतदार कार्डाचा. स्टुडिओत जायचं तर न्हाऊन, इस्त्रीचे कपडे घालून, बसभाडं भरून तालुक्याला. तिथे दात काढले असते तर सासऱ्यांनी काय म्हटलं असतं! आप्पा ताठ उभे राहतात तो त्यांचा अवघडलेपणा नाही, ती त्यांची रीत आहे. मोठ्या माणसासमोर आपण जसे सावरून उभे राहतो, तसे ते कॅमेऱ्यासमोर उभे राहतात. तुम्हाला मोबाइलवर दिवसातून दहा फोटो काढायची सवय, म्हणून हसरा चेहराच खरा वाटतो. माझ्या नातवंडांशी माझं हेच भांडण आहे. ‘आजी, नॅचरल बस!’ अरे, मी नॅचरलच बसली आहे.

सायली_पांझरा

आक्का, दंडवत. माझ्या वरच्या प्रतिसादातलं निम्मं मागे घेते.

जुना_स्टुडिओ

आक्कांनी मर्मावर बोट ठेवलं. आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. म्हातारी माणसं आली की मी आधी त्यांच्या मनासारखा फोटो काढतो. सरळ, दोन्ही हात मांडीवर, नजर समोर. तो दिखाव्यापुरता नाही, पूर्ण मन लावून काढतो: बटणं, टोपी, पदराची किनार सगळं नीट करून. त्यांना स्क्रीनवर दाखवतो. ‘हां, आता बरोबर’ असं ते म्हणाले की त्यांच्या दृष्टीने काम संपतं. खांदे तेव्हाच खाली येतात. मी मात्र कॅमेरा आवरत नाही. ट्रायपॉडवर तसाच ठेवतो, रिमोट हातात घेतो, बाजूला सरकतो आणि गप्पा मारतो. माणूस काचेकडे बघून कधीच सैल होत नाही, समोरच्या माणसाकडे बघून होतो.

तुमच्या फोटोग्राफरला सांगा, आप्पांना त्यांच्या जुन्या रूटचे थांबे क्रमाने विचार. आणि मध्ये एक थांबा चुकवून म्हण.

दोघांच्या फोटोसाठी: शेजारी-शेजारी खांदे भिडवून नको. एक बसलेला, एक किंचित मागे उभा किंवा हाताच्या अंतरावर बसलेला, डोकी वेगवेगळ्या उंचीवर. मिठीबिठी मारायला लावू नये, या वयातल्या नवरा-बायकोला चारचौघांत ते झेपत नाही आणि फोटोत ते लगेच कळतं. अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड येतो ते छिद्र) एफ ४ च्या आसपास ठेवायला सांगा, नाहीतर आई स्पष्ट आणि आप्पा धुरात.

खिडकीसीट

थांबा चुकवून म्हणायचा! हे कोणत्या पुस्तकात सापडणार नाही. वाचनखूण साठवली.

बोरीकाठ

दिवाळी झाली, आता सवडीने लिहितोय.

फोटोग्राफर तरुण पोरगा होता. आधी मी त्याला हा धागा दाखवला तेव्हा त्याचं तोंड जरा उतरलं, पण ऐकलं त्याने. सकाळी साडेसातला ओट्यावर सुरुवात. आप्पा पांढरा शर्ट, टोपी, बिल्ला खिशाला लावून बसले. पहिला फोटो त्यांच्या पद्धतीने. कॉलरची इस्त्री त्यांनी स्क्रीनवर मोठी करून तपासली आणि विचारलं, ‘व्हयनं का आते?’ पोरगा म्हणाला, झालं. मग त्याने सहज धुळ्याच्या गाडीचा विषय काढला आणि थांब्यांची यादी म्हणताना एक गाळला. आप्पा खुर्चीतून अर्धे पुढे आले, एक बोट वर. हसले नाहीत. त्याला झापत होते. पण चेहरा असा, की गाडीत बिनतिकिटाचा कोणी सापडल्यावर कसे दिसत असतील ते आम्हा भावंडांना पहिल्यांदाच कळलं. बहीण म्हणते हाच फोटो मोठा करायचा. आप्पांचा आग्रह पहिल्या फोटोचा. आई तटस्थ.

आईने वाती वळल्या नाहीत, नातीची वेणी घातली. पदर पडला, तिने सावरला, वर बघितलं, पोराने बरोबर टिपलं. सायलीताई, ते श्रेय तुमचं. बायकोने दोन्ही बाजूंनी फोटो काढून घेतले आणि शेवटी आपलीच बाजू बरोबर होती असं सिद्ध केलं.

ग्रुप फोटो मात्र गंडला. सतरा माणसं, तीन लहान पोरं, कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले. त्याने दोन फोटो जोडून एक करून दिलाय. आता प्रश्न, १२ बाय १८ चा प्रिंट ग्लॉसी घ्यावा की मॅट?

जुना_स्टुडिओ

मॅट. फोटो लावाल त्या भिंतीसमोर दार असेल तर ग्लॉसीत दिवसभर दारच दिसेल. आणि बहिणीचं आणि आप्पांचं, दोघांचंही ऐका. दोन प्रिंट काढा, एक बैठकीत, एक आतल्या खोलीत. कोणता कुठे ते आईंना ठरवू द्या. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसू नको असं पोराला बजावून सांगा, हल्ली न विचारता स्किन स्मूथ करतात.

उन्हाळी_भुसावळ

अवांतर होईल, पण विचारतो. भाचीच्या बायोडाटासाठी फोटो काढायचाय. वरचे सगळे नियम तेच का?

जुना_स्टुडिओ

तेच. फक्त फिल्टर नको आणि फोटो चालू वर्षातला हवा. पाहुणे बघायला घरी येणारच आहेत. एक पूर्ण उंचीचा, एक कमरेपर्यंतचा, बस झाले. आणि मामांनी फोटोग्राफरच्या मागे उभं राहून सूचना देऊ नयेत.

उन्हाळी_भुसावळ

तिच्या आईनेही मला हेच सांगितलंय.